चौदा मिलिमीटरचे रूळ

अप्पा,

तुमचं टेबल दारातून निघत नाही. सुतार आज येऊन टेप लावून गेला. आडवं करून, उभं करून, तिरकं वळवून, मनातल्या मनात त्याने ते सगळ्या बाजूंनी बाहेर काढून पाहिलं आणि शेवटी कपाळाला हात लावला. "ताई, पण हे आत घातलं कसं?" आत घातलंच नव्हतं, आतच बांधलंय, हे सांगताना मला उगाच ओशाळल्यासारखं झालं, जणू बांधणारी मीच. मग तो म्हणाला की कापावं लागेल, दोन तुकडे तरी होतील, आणि पुलातून कापायचं की स्टेशनातून ते तुम्ही ठरवून ठेवा. म्हणजे आता मी बसून ठरवायचं की करवत नाशिक रोडच्या फलाटात घालायची की गोदावरीच्या पुलात. तुमच्या हयातीत त्या फलाटावर धूळ पुसायलासुद्धा तुम्ही रंगाचा ब्रश द्यायचात, फडकं नाही.

कारण सांगते. आई पडली. हॉलमधून बाथरूमकडे जाताना उंबऱ्याला पाय अडला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता यांना खालीच, वेगळ्या खोलीत, संडास-बाथरूमला लागून ठेवा, कठड्याची कॉट लावा, कॉटच्या चहूबाजूंनी माणसाला फिरता आलं पाहिजे. आपल्या घरात अशी खोली एकच, आणि त्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबलावर तुमची छोटी रेल्वे आहे. माझी खोली वर, जिना अरुंद. त्यामुळे आई सध्या हॉलमध्ये, भाड्याच्या कॉटवर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पडून आहे. भांडं द्यायची वेळ आली की मी पुढचं दार लावते, खिडकीचा पडदा ओढते. ती भिंतीकडे तोंड करते आणि झालं की "हां" एवढंच म्हणते. आयुष्यभर पदर खांद्यावरून ढळू न दिलेली बाई. अप्पा, हे पाहून तुम्ही काय केलं असतं, ते मला खरंच ठरवता येत नाही, आणि तुम्ही गेल्यावर वीस-बावीस वर्षांनी हे पत्र लिहायला बसले ती याच रागात.

लोक घराचा नकाशा काढताना आधी स्वयंपाकघर काढतात. तुम्ही आधी वळण काढलंत. गाडी डब्यांसकट न घसरता वळायची तर रुळांना किती गोलाई लागेल, त्यावरून खोलीची रुंदी ठरली, खोलीवरून घर ठरलं आणि उरलेल्या जागेत आम्ही दोघी. ओझरच्या विमान कारखान्याच्या कॉलनीतलं क्वार्टर सोडून आपण या घरात आलो तेव्हा आईने विचारलं होतं, "मंग आपन निजायचं कुठं?" तुम्ही म्हणालात, हॉल आहे की. तिला दिवाण दिलात आणि स्वतः टेबलाखाली सतरंजी टाकून झोपू लागलात. बाहेरच्यांना त्याचं कोण कौतुक! केवढा नाद, केवढी चिकाटी! आमच्या दृष्टीने मात्र ते धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातलं होतं. खोली आमचीच, पण तिच्यात पाय टाकायचा तर विचारून.

सुरुवात मात्र किती गोड होती. तुमच्या टूलरूममधल्या त्या रशियन साहेबाची जायची वेळ आली, आणि जाताना त्याने तुम्हाला एक खोका दिला. त्याच्या मुलाचा असावा, कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेला. मी चौथी-पाचवीत असेन. तुम्ही सायकलवरून उतरताय, खोका कॅरिअरला बांधलेला, आणि नेहमी घंटी वाजवणारे तुम्ही त्या दिवशी घंटी वाजवत नाही. आत एक हिरवं डिझेल इंजिन, तीन डबे आणि गोलाला पुरतील एवढे रूळ. क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, आईच्या पाटाभोवती आपण तो गोल मांडला. आई भाकऱ्या थापतेय, गाडी तिला प्रदक्षिणा घालतेय, आणि तिने परातीतलं चिमूटभर पीठ उचलून उघड्या डब्यात टाकलं, म्हणाली, "घ्या, धान्याची गाडी निघाली सायखेड्याला." तुम्ही तेव्हा इतके हसलात की तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण तिघं एकाच गोष्टीवर हसतोय, असं मला त्यानंतरचं फारसं काही आठवत नाही.

मग तुम्ही त्याला व्हर्नियर लावलात. ते इंजिन खऱ्या इंजिनाच्या एकशेविसाव्या हिश्श्याचं, हे तुम्ही मोजून काढलंत. दोन रुळांमधलं अंतर बारा मिलिमीटर भरलं. एवढ्यावर थांबला असतात तर मी आज हे लिहीत नसते. पण तुम्ही आपल्या ब्रॉडगेजला एकशेवीसने भागलंत आणि उत्तर आलं चौदाला जेमतेम कमी. बारा हे परदेशातल्या अरुंद गाडीचं माप. आपली गाडी रुंद. तिला बारावर उभी केली तर ती आपली उरत नाही, तुम्ही म्हणालात. त्या दिवसापासून खोक्यातले रूळ माळ्यावर गेले आणि तुम्ही स्वतःचे रूळ घडवायला बसलात. लाकडाचे स्लीपर, घासून घासून काढलेली पितळेची पट्टी, आणि अंतर तपासायला तुम्हीच केलेला पितळेचा ठोकळा, अंगठ्याच्या नखाएवढा. आपल्या रुळावर ते इंजिन बसेना, त्याची चाकं रुळांच्या आत पडायची. मग तुम्ही इंजिन उघडलंत. चाकांना जोडणारे आस काढून लांब आस घातलेत आणि चाकं बाहेर आली तशी ती झाकणाऱ्या दोन्ही बाजूंच्या जाळीला घासू लागली, म्हणून जाळीही कानशीने उडवलीत. भेट म्हणून आलेली वस्तू होती, अप्पा. ती जशी आली तशी जगात कुठेतरी चालत होती. तुम्ही ती बरोबर केलीत आणि ती आपल्या घराबाहेर कुठेच चालेनाशी झाली.

कॉलनीतल्या आणखी एका घरी अगदी तशीच गाडी होती, साहेबाच्याच सोबत्याने दिलेली. त्या घरची मुलगी माझ्या वर्गात. एका रविवारी ती आपले दोन डबे पिशवीत घालून आपल्याकडे आली, म्हणजे दोघींचे जोडून लांब गाडी करू. तिने डबा आपल्या रुळावर ठेवला आणि तो खाली बसला, मधल्या खडीत, पोटावर. तिने पुन्हा उचलून ठेवला, तो पुन्हा बसला. तिला वाटलं आपल्यालाच ठेवता येत नाही, म्हणून ती माझ्याकडे पाहून हसली. मी तुम्हाला विचारलं, "अप्पा, आपली त्यांच्याशी का जुळत नाही?" तुम्ही हातातली कानस खाली ठेवलीत. "आपली नाही. त्यांची जुळत नाही. नीट बोलायला शीक." आवाज चढवला नव्हतात, पण ती मुलगी डबे पिशवीत भरायला लागली. पुन्हा ती आली नाही, आणि मीही तिच्याकडे जायची बंद झाले, कारण गेले असते तर तिच्या गाडीला मला चुकीची म्हणावं लागलं असतं.

हा नुसता हट्ट होता असं म्हणून मला तुम्हाला निकालात काढता येत नाही, हीच तर अडचण आहे. एकदा माझा शाळेचा युनिफॉर्म शिवून आला आणि काखेत आवळायला लागला. आई म्हणाली, चालतंय की, उसवून घेऊ. तुम्ही जेवता जेवता उठलात, हात धुतलात, टेप आणलात आणि माझं माप स्वतः घेतलंत. आणि मापं घेता घेताच सांगितलंत, कुणाकडेही न बघता, की तुम्ही लहान असताना गावातला शिंपी आपल्या वस्तीतल्या माणसाच्या अंगाला टेप लावायचा नाही. ओट्याखाली उभं करायचा, लांबून नजरेनं जोखायचा आणि शिवायचा. तुमचा एकही सदरा कधी अंगाला बसला नाही. पहिली नोकरी लागल्यावर तुम्ही नाशकात जाऊन शर्ट शिवायला टाकलात आणि त्या शिंप्याने छातीला टेप गुंडाळला तेव्हा तुम्ही श्वास रोखून धरलात, माप चुकू नये म्हणून. "लोकांच्या अंदाजावर लय वर्षं काढली. आता आपलं माप आपण घ्यायचं," असं म्हणालात आणि ताटावर जाऊन बसलात. आमटी गार झाली होती. आईने ती गरम करून आणली आणि त्या दिवशी तुमच्याशी वाद घातला नाही. मला वाटतं, तिने वाद घालणं तेव्हाच सोडलं.

तुमच्या मागे मी दिंडोरीकडच्या पॅकहाऊसमध्ये लागले, ते तुम्हाला ठाऊक नाही. द्राक्षांची निर्यात होते, मी क्वालिटीला आहे. माझ्या हातात प्लॅस्टिकच्या रिंगा असतात. मणी रिंगेतून खाली पडला तर तो लहान, तो कंटेनरमध्ये जात नाही. परवा एक बागायतदार माझ्याशी भांडत होता. "म्याडम, खाऊन तर बघा ना! साखर आहे साखर!" मी खाल्ला. खरोखर गोड होता. मी म्हटलं, काका, गोड आहे, पण रिंगेत बसत नाही. "मग तुमची रिंग चुकीची आहे," तो म्हणाला, आणि मला एकदम तुमचाच आवाज आला. मला त्याला सांगायचं होतं की रिंग बरोबरही नसते आणि चूकही नसते, इकडच्या आणि तिकडच्या माणसांनी मिळून ती कबूल केलेली असते, बस्स. पण हे कुणाला पटतं? तुम्हाला पटलं असतं? मी त्याचे क्रेट बाजूला लावायला सांगितले आणि डबा उघडून जेवायला बसले.

आणि माझ्या लग्नाचं तर काय बोलायचं! स्थळं येत होती तेव्हा तुम्ही प्रत्येकाला तोच पितळेचा ठोकळा लावत होतात. हा जयभीम म्हणताना लाजतो, तो सभेत बोलतो तसं घरी वागत नाही, तिसऱ्याचा बाप हुंड्याला भेट म्हणतो. एकही चूक नव्हतं तुमचं. सगळं बरोबर होतं, आणि मी घरात राहिले. तुम्ही गेलात तेव्हा मी पस्तिशीला टेकले होते, आणि मागे उरलो ती खोली, आई आणि मी.

तेव्हापासून आपल्या घरात एक रीत पडली. तुमच्या स्मृतिदिनाला सकाळी वंदना होते, फोटोला फूल, खीर, आणि मग गाडीची एक फेरी. चुलते, त्यांची मुलं, शेजारचे, सगळे दारात दाटीने उभे राहतात. आई आत येत नाही, ती हॉलमधल्या दिवाणावर बसून ऐकते. पण गेली काही वर्षं इंजिन चालतच नाही. पितळेवर थर चढला, आतलं एक दातेरी चाक झिजलं. तसं चाक मिळवायचं म्हटलं तर ते त्या लांब केलेल्या आसाला बसत नाही. नातेवाइकांचं येणंही कमी झालं, तेव्हा मी एक युक्ती केली. दार लोटून घ्यायचं, ट्रान्सफॉर्मर चालू करायचा म्हणजे त्याची घुरघुर ऐकू येते, आणि इंजिन बोटाने ढकलत फेरी पूर्ण करायची. नाशिक रोड, पूल, ओढा, खेरवाडी. आईला वाटावं गाडी चालली. बाहेर आले की ती विचारायची, "झाली का फेरी?" मी म्हणायची, झाली.

आई पडल्यावर मी शोधाशोध केली. कापायच्या आधी कुणी घेतं का, निदान असंच उचलून नेतं का. या छंदवाल्यांचा एक ग्रुप मोबाईलवर सापडला. तुमचे फोटो टाकले. काय कौतुक झालं अप्पा, तुम्ही हवे होतात! पूल पाहून लोक वेडे झाले. मग एकाने विचारलं, गेज किती? मी लिहिलं, चौदाला जरा कमी. मग एकेक जण हळहळू लागला. मोठ्या मापाच्या गाडीवाल्यांना ती लहान, बारावाल्यांना रुंद. शेवटी नाशिक रोडचे एक गृहस्थ म्हणाले, मी येऊन पाहतो. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, बारावर गाड्या चालवणारे, असे नाशकात आम्ही चार-पाचच आहोत म्हणाले.

ते आले. चपला बाहेर काढल्या, आईला हात जोडले आणि खोलीत जाऊन पुलाशी वाकून पाहिलं. मग खिशातून आपला एक डबा काढून रुळावर ठेवला. तो खाली बसला, पोटावर. मी म्हटलं, "म्हणजे माप चुकलंय ना?" ते म्हणाले, "नाही हो ताई. आमचंच चुकलंय. ब्रॉडगेजला हेच माप बरोबर. आम्ही सगळे मिळून चुकलोय, म्हणून आमचं चालतं." आणि मग हसून सांगू लागले की बारा म्हटलं तरी सुखासुखी काही जुळत नाही. जुन्या जर्मन डब्यांचा हूक वेगळा, नव्यांचा वेगळा. इंग्रजांनी त्याच बारावर जरा थोराड गाड्या चालवल्या, त्या शेजारी उभ्या केल्या की थोरल्याजवळ धाकटा दिसतो. जुन्या चाकांची कड खोल, ती नव्या रुळांच्या खिळ्यांवर खडखडते. मग करायचं काय? प्रत्येक जण एकेक डबा असा बाळगतो की त्याच्या एका टोकाला जुना हूक आणि दुसऱ्या टोकाला नवा. भांडणं होतात, पण तो डबा मध्ये घातला की गाडी निघते. महिन्या-दोन महिन्यांनी कुणाच्या तरी हॉलमध्ये आपापल्या फळ्या घेऊन जमतात, फळीची टोकं तेवढी ठरलेल्या मापाची, बाकी आत ज्याचं त्याचं गाव. टोकाला टोक लावलं की एकाच्या गावातली गाडी दुसऱ्याच्या गावात जाते. हे ऐकताना मला तुम्ही नाही, पिशवीत डबे भरणारी ती मुलगी आठवली.

त्यांनी विचारलं, "इंजिन चालतं का अजून?" आई ऐकत होती, दार उघडं होतं. मी म्हटलं, "चालतं की, दर वर्षी एक फेरी असते."

"काय चालतं!" हॉलमधून आईचा आवाज आला. "हातानं ढकलती ती."

मी बाहेर आले. "तुला माहीत होतं?"

"आईकू येत नाय व्हय मला? चालती गाडी येगळी वाजती, ढकलल्याली येगळी. कवाधरनं ढकलून राहिली तू."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला वाईट वाटंल. तुझा जीव हाय त्याच्यात."

"माझा? आई, मला वाटलं तुझा आहे. तुझ्यासाठी ठेवलंय मी ते सगळं."

ती हसली, म्हणजे हसायला सुरुवात केली, गार्डसाहेबही दारात येऊन हसू लागले. आणि मध्येच तिचं हसू थांबलं. "म्हंजे एवढी वर्सं मी हालमधी कोनासाठी झोपले गं?" तिने विचारलं. रागाने नाही. खरोखरच तिला माहीत नव्हतं आणि ते मी सांगेन असं तिला वाटत होतं. गार्डसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि चपला शोधायला लागले.

इतकं लिहून पत्र तसंच ठेवलं होतं. आता पुढचं लिहिते, कारण टेबल कापून झालं.

कुठून कापायचं ते आईने ठरवलं. मी स्टेशन आणि पूल यांच्यातच घुटमळत होते. ती कॉटवरून म्हणाली, "पूल नको. खेरवाडीच्या अलीकडं शेत हाय ना, तिथून काप. शेतातून काय, पुन्ना पेरता येतं." सुताराने यंत्र लावलं, घरभर सागाचा भुसा उडाला, तुमच्या पितळी पट्टीवर पातं चढलं तेव्हा असा कर्कश आवाज झाला की शेजारीण डोकावली. मला वाटलं होतं मी रडेन. मी फडकं घेऊन आईच्या तोंडावर भुसा येऊ नये म्हणून आडवी उभी राहिले आणि मनात एकच चाललं होतं, लवकर, अजून लवकर. तुकडे दारातून बाहेर निघाले तेव्हा खोलीच्या फरशीचा खरा रंग दिसला, ती चक्क पांढरी आहे. संध्याकाळी कॉट आत गेली. आईने आधी बाथरूमचं दार लावून घ्यायला लावलं, मग उघडायला लावलं, मग पुन्हा लावायला लावलं. भांडं मी माळ्यावर टाकलं.

गार्डसाहेब टेम्पो घेऊन आले. रूळ आणि डबे त्यांच्या कामाचे नाहीत. पण पूल त्यांनी नेला, स्टेशनची इमारत नेली, आणि सगळ्यात जपून नेली ती झाडं. आठवतं, झाडं आईने केली होती? वाळलेल्या दोडक्याची जाळी कात्रीने कापून, रंगवलेला भुसा चिकटवून. तुम्ही तिला फक्त उंची सांगायचात, बाकी तुमचं तिकडे लक्ष नसायचं, कारण झाडाला गेज नसतो. म्हणून ती कुणाच्याही गावात लागतात. त्यांनी परवा फोनवर फोटो पाठवला, कुणा परक्याच्या स्टेशनाबाहेर आपली बाभूळ आणि तिच्या सावलीला त्यांचा टांगा. आईला दाखवला. तिने मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"चालत्यात त्यांच्यात माझी झाडं?"

"चालतात."

"आन् इंजिन? ते नेलं का?"

"नाही. ते त्यांच्या रुळावर बसत नाही. आस बदलावे लागतील, तुझी परवानगी असेल तर करू म्हणाले."

आईने मान हलवली. "नको. ऱ्हाऊ दे घरीच. त्याला आता दुसरं कुठं करमनार हाय? कोनी तरी घरी लागतं ना."

ती इंजिनाबद्दलच बोलत होती. मला ते कळत होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

आता रात्री मी हॉलमध्ये झोपते, तिच्या दिवाणावर, तिने हाक मारली तर ऐकू यावी म्हणून. वरची खोली रिकामीच आहे. अप्पा, हे काही तुमच्या माथी मारत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, मग झोप की वर, कुणी अडवलंय? आणि तेही बरोबरच असतं. तुमचं नेहमीच बरोबर असायचं.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? एक गोष्ट तेवढी राहिली. काल पॅकहाऊसमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी शेडच्या मागे जाऊन गार्डसाहेबांना फोन केला, घरून केला नाही. म्हटलं, इंजिन घेऊन जा, बारावर आणा. ते म्हणाले, "ताई, आणता येईल, पण घासलेली जाळी काही परत येणार नाही. चाकं उघडी दिसतील." मी म्हटलं, दिसू देत, चालू दे. रविवारी न्यायला येणार आहेत. आईला अजून सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगणार नव्हते.